माडिया मजकूर आणि संकेतनाचा खर्च

गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यात, सूरजागडच्या डोंगरांभोवती बोलली जाणारी माडिया ही गोंडीच्या कुळातील द्राविडी बोली होय. तिचा देवनागरीतील मजकूर संगणकात साठविला असता तितक्याच अक्षरांच्या इंग्रजी मजकुराहून कितीतरी अधिक जागा व्यापतो. यावरून ही बोलीच पाल्हाळिक आहे असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो माहिती सिद्धांताचा पायाच विसरला असे म्हणावे लागेल. संदेशातील माहिती आणि ती वाहून नेणाऱ्या संकेताचा खर्च या दोन भिन्न राशी आहेत.

गोंड समाज स्वतःसाठी योजतो तो ‘कोयतोर’ हा शब्द घ्यावा. रोमन लिपीत तो सहा अक्षरांत मावतो. देवनागरीतही चार व्यंजने व दोन ओकार मिळून सहाच चिन्हे होतात. मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ मध्ये रचलेल्या गोंडी लिपीला २०१७ मध्ये युनिकोडमध्ये स्थान मिळाले. तीत याच वर्णक्रमाने लिहिल्यास पुन्हा सहा चिन्हे येतात. परंतु केन थॉम्पसन व रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये सिद्ध केलेल्या यूटीएफ-८ या संकेतात रोमन अक्षरास १, देवनागरी चिन्हास ३ व मसराम गोंडीच्या चिन्हास ४ बाइट लागतात. एकच शब्द, पण खर्च ६, १८ किंवा २४ बाइट.

हा खर्च अटळ आहे काय? मसराम गोंडीच्या संचात ७५ चिन्हे आहेत. ती सर्व समसंभाव्य मानली तरी एका चिन्हाची एन्ट्रॉपी, म्हणजे ७५ चा २ या पायाचा लघुगणक, ६.२३ बिट भरते. प्रत्यक्ष भाषेत काही चिन्हे वारंवार व काही क्वचित येत असल्यामुळे ती याहून कमीच असते. संकेतात मात्र ३२ बिट खर्ची पडतात. त्यांपैकी पहिले १६ बिट या लिपीच्या प्रत्येक चिन्हात तेच असतात. जे आधीच ठाऊक आहे त्यातून नवे काही कळत नाही.

अतिरिक्तता सर्वस्वी निरुपयोगी असते असे मात्र नव्हे. रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्ये दाखविले की योजनापूर्वक घातलेले जादा बिट चूक दुरुस्तही करतात. यूटीएफ-८ मधील जादा बिटांमुळे चिन्ह कोठे सुरू होते हे ओळखता येते. एखादा बाइट गळाल्यास हानी एका चिन्हापुरती राहते. परंतु शेवटच्या सहा बिटांत बदल झाला तर एका अक्षराच्या जागी दुसरेच अक्षर बिनबोभाट उमटू शकते. भाषेची स्वतःची अतिरिक्तता येथे अधिक उपयोगी पडते. गोंडीत क्रियापद कर्त्याचे पुरुष व वचन वागविते. म्हणून कर्ता नीट ऐकू आला नाही तरी त्याचा सुगावा लागतो.

क्लॉड शॅनन यांच्या १९४८ च्या निबंधानुसार संकेताची सरासरी लांबी एन्ट्रॉपीच्या खाली उतरू शकत नाही. तथापि संकेत एका संभाव्यतेवर बेतला आणि मजकूर दुसऱ्या संभाव्यतेचा असला, तर एन्ट्रॉपीवर आणखी भुर्दंड पडतो. त्यास सापेक्ष एन्ट्रॉपी म्हणतात. माडियाचा जादा खर्च मुख्यतः या जातीचा आहे. परक्याच्या मापाने शिवलेला अंगरखा अंगाला ढगळ होतो, त्यात अंगाचा दोष नसतो. हा भुर्दंड व्यवहारातही जाणवतो : भ्रमणध्वनीच्या १४० बाइटांच्या लघुसंदेशात ७ बिटांच्या रोमन संकेताने १६० अक्षरे बसतात, देवनागरीची चिन्हे केवळ ७०. साथीच्या रोगाची सूचना रोमनमध्ये एका संदेशात मावत असेल, तर देवनागरीत तिला दोन किंवा तीन संदेश लागतात.

यावर उपाय आहे. अब्राहम लेंपेल व जेकब झिव यांनी १९७७ व १९७८ मध्ये मांडलेल्या पद्धतींना संभाव्यता आधी ठाऊक असावी लागत नाही. मजकूर वाचता वाचताच त्या ती शिकतात आणि मजकूर लांबत जाईल तसतशा एन्ट्रॉपीच्या जवळ पोहोचतात. अट एवढीच की मजकूर दीर्घ हवा. दोन ओळींच्या संदेशातून शिकण्याजोगे फारसे काही हाती लागत नाही. तेथे संभाव्यता आधीच जमवून ठेवावी लागते.

तात्पर्य, माडियासाठी काटकसरीचा संकेत रचण्याचे काम गणिताच्या आधी भाषासंग्रहापासून सुरू होते. गावोगावचे बोलणे काळजीपूर्वक टिपून ठेवल्याखेरीज तिची खरी वारंवारिता कळणार नाही. आणि ती कळेपर्यंत प्रत्येक संकेतकार दुसऱ्याच भाषेचे माप तिच्यावर लादीत राहील.