गच्चीवरचा कॅमेरा नेमका कुठे लावावा?

वैनगंगाकाठच्या आरमोरीत गच्चीवर कॅमेरा लावला, की त्याची गाठ तिघांशी पडते: मे महिन्याचे ऊन, जुलैचा पाऊस आणि माकडे. म्हणून तो उघड्या कठड्यावर न बसवता जिन्याच्या खोलीच्या सज्जाखाली, भिंतीत पक्का बसवावा. स्लॅबला भोक पाडू नये; पावसाळ्यात गळती तिथूनच सुरू होते.

रात्री कॅमेरा अवरक्त प्रकाशात पाहतो. ८५० नॅनोमीटर तरंगलांबीचा हा प्रकाश आपल्या डोळ्यांना जेमतेम लालसर ठिपक्याएवढा जाणवतो, सेन्सर मात्र तो सहज टिपतो. समोर हातभर अंतरावर चुन्याची पांढरी भिंत आली, तर प्रकाश तिच्यावरूनच परततो. चित्र पांढरेफटक होते आणि अंगण अंधारातच राहते. काचेसमोरचे कोळ्याचे जाळेही असेच चमकते, म्हणून अधूनमधून फडके फिरवावे.

खोक्यावर ‘आयपी ६६’ लिहिलेले पाहावे. पहिला ६ म्हणजे धूळ आत जात नाही, दुसरा म्हणजे जोरदार फवाराही सोसतो. पण पाणी बहुधा शिरते ते वायरीच्या जोडातून. जोड बंद डबीत ठेवावा आणि डबीत शिरण्याआधी वायरीला खाली झोल द्यावा. ओघळणारे पाणी झोलाच्या तळाशी ठिबकून जाते.

शेवटचे आणि महत्त्वाचे: रोख आपल्या दारावर आणि जिन्यावर ठेवा. शेजाऱ्याचे अंगण चौकटीत येत असेल, तर कॅमेरा आजच वळवा.