ठिगळांची चळत

संगणकाच्या आज्ञावलीत केलेला बदल दुसऱ्याकडे पाठवावयाचा असेल, तर सारी संहिता पुन्हा पाठविण्याचे कारण नसते. कोणत्या ओळी गाळल्या, कोणत्या नव्याने घातल्या आणि त्यांच्या आजूबाजूच्या न बदललेल्या दोनतीन ओळी कोणत्या, एवढे सांगणारी एक लहान फाइल पुरते. हिलाच पॅच, म्हणजे ठिगळ, असे म्हणतात. लॅरी वॉल यांनी १९८५ मध्ये लिहिलेली 'पॅच' नावाची आज्ञावली हे ठिगळ मूळ संहितेवर बसविते. संहिता मधल्या काळात थोडीबहुत बदलली असली तरी आजूबाजूच्या ओळींच्या खुणेवरून ती बहुधा योग्य जागा शोधून काढते.

एकच ठिगळ असेल तर ते कोणीही सांभाळील. खरी अडचण येते ती पन्नास किंवा शंभर ठिगळे एकावर एक बसवावयाची असतात तेव्हा. त्यांचा क्रम मोडून चालत नाही, आणि तळच्या ठिगळात सुधारणा केली की वरची काही बसेनाशी होतात. लिनक्सच्या गाभ्यावर काम करणारे अँड्र्यू मॉर्टन यांच्यापाशी अशी मोठी चळत असे. ती आवरण्यासाठी त्यांनी काही छोट्या आज्ञावली लिहिल्या होत्या. त्यांच्या आधारे आंद्रेआस ग्रुएनबाखर यांनी 'क्विल्ट' हे साधन सिद्ध केले. क्विल्ट म्हणजे आपली गोधडी. नाव अगदी समर्पक आहे.

क्विल्टमध्ये ठिगळांचा क्रम 'सिरीज' नावाच्या साध्या फाइलीत लिहिलेला असतो. 'पुश' म्हटले की पुढचे ठिगळ बसते, 'पॉप' म्हटले की वरचे निघते, आणि 'रिफ्रेश' म्हटले की हाती असलेले ठिगळ नव्याने लिहिले जाते. मात्र एखाद्या फाइलीस हात लावण्यापूर्वी तसे क्विल्टला सांगावे लागते. हे विसरल्यास बदल संहितेत होतो, पण ठिगळात उतरत नाही. नवशिक्यांची ही हमखास होणारी चूक होय.

२००५ च्या एप्रिलमध्ये गिट आणि मर्क्युरिअल ही दोन आवृत्ती-नियंत्रणाची साधने जन्मास आली. त्याच वर्षी ख्रिस मेसन यांनी मर्क्युरिअलसाठी 'क्यूज' आणि कॅटलिन मरिनास यांनी गिटसाठी 'एसटीगिट' रचले. यांत बसविलेले प्रत्येक ठिगळ आवृत्ती-नियंत्रणातील एक नोंदही असते. त्यामुळे मूळ संहिता बदलली असता एसटीगिट जुनी मूळ प्रत, नवी मूळ प्रत आणि आपला बदल या तिहींची तुलना करून मेळ घालू शकते. क्विल्टला केवळ ओळींच्या खुणांवर विसंबावे लागते, आणि न बसलेला भाग ते बाजूला काढून ठेवते.

मग निवड कशी करावी? ते ठिगळ किती काळ जगणार आहे, हे प्रथम पाहावे असे मला वाटते. आठवड्याभरात मूळ संहितेत विलीन व्हावयाचा बदल असेल तर एसटीगिट सोयीचे. आणि चारपाचच ठिगळे असतील तर २००७ पासून गिटमध्येच असलेली, नोंदींचा क्रम व आशय बदलू देणारी 'रीबेस' सोय पुरेशी आहे. पण नोंदी एकदा सहकाऱ्याच्या हाती गेल्या की त्या पुन्हा लिहू नयेत; त्याची प्रत आणि आपली प्रत यांची फारकत होते.

याउलट डेबियनसारख्या वितरणाला दुसऱ्यांची संहिता अबाधित ठेवून आपले बदल वर्षानुवर्षे सोबत वागवावे लागतात. तेथे क्विल्टची पद्धत रूढ आहे. ठिगळे साध्या फाइलींच्या रूपात कोणालाही वाचता येतात, आणि ती फाइलींची पेटीच आवृत्ती-नियंत्रणात ठेवली की रिफ्रेशमुळे पुसले जाणारे जुने रूपही जपले जाते. सुरक्षिततेसाठी केलेली दुरुस्ती भलत्याच, पण सारख्या दिसणाऱ्या ओळींवर जाऊन बसली, तर दोष तसाच राहतो आणि कोणाला पत्ताही लागत नाही. म्हणून डेबियनची व्यवस्था खुणेच्या ओळी तंतोतंत जुळल्याविना ठिगळ स्वीकारतच नाही. कामाला हा जाच वाटतो, पण तो रास्त आहे.

निवड चुकलीच, तरी परतीची वाट बंद होत नाही. क्विल्टची सिरीज एसटीगिट जशीच्या तशी आत घेऊ शकते आणि आपली चळत त्याच रूपात बाहेरही काढून देते.