दम लागतो, तो अशक्तपणानेच का?

'जिना चढताना हल्ली फार धाप लागते गं!' हळदीकुंकवाला, भिशीला, बचत गटाच्या बैठकीला चार जणी जमल्या, की एकीच्या तोंडी तरी हे वाक्य असतंच. त्यावर बाकीच्यांची उत्तरंही ठरलेली. 'वय झालं आता', 'वजन कमी कर जरा', 'अशक्तपणा असेल, खजूर खा.' विषय तिथेच संपतो. मग ती बाई दोन हंड्यांऐवजी एकच हंडा उचलते, गच्चीवर कपडे वाळत घालायचं काम सुनेवर सोपवते आणि दिवस ढकलत राहते.

पुष्कळदा धाप लागण्याचं कारण खरोखरच रक्त कमी असणं किंवा वाढलेलं वजन असतं. पण कधी ते हृदयात असतं, तर कधी फुफ्फुसात. नुसतं बघून डॉक्टरांनाही ते नक्की सांगता येत नाही. अशा वेळी मदतीला येते एक रक्ततपासणी. तिचं नाव बीएनपी, आणि तिचीच जुळी बहीण एनटी-प्रोबीएनपी. शुगर, हिमोग्लोबिन, थायरॉईड ही नावं आता आपल्याला पाठ झाली आहेत, त्यात हे आणखी एक.

गंमत म्हणजे हा पदार्थ १९८८ मध्ये जपानी शास्त्रज्ञांना प्रथम सापडला तो डुकराच्या मेंदूत. म्हणून त्याच्या नावातला 'बी' म्हणजे 'ब्रेन'. पुढे कळलं, की तो मुख्यतः हृदयात तयार होतो! हृदयाच्या कप्प्यांवर ताण आला, की तिथल्या पेशी तो रक्तात सोडतात. मूत्रपिंडाला जणू निरोपच जातो, 'जादा मीठ-पाणी बाहेर टाका, माझं ओझं हलकं करा.' साधारणपणे ताण जितका जास्त, तितकं रक्तातलं हे प्रमाण जास्त.

'हार्ट फेल्युअर' म्हटलं की हृदय बंद पडलं, असंच आपल्याला वाटतं. तसं नाही. हृदयाचा पंप शरीराच्या गरजेला पुरा पडत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पावलांवर सूज येते, आडवं पडलं की दम लागतो, दोन-तीन उशा लागतात, रात्री गुदमरून जाग येते. दम लागून तातडीने दवाखान्यात आलेल्या १५८६ रुग्णांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. दम हृदयामुळे आहे की दुसऱ्या कशामुळे, हे ओळखायला बीएनपीची मोठी मदत होते, असं त्यात दिसलं.

दुसरा आजार फुफ्फुसांच्या रक्तदाबाचा, म्हणजे पल्मनरी हायपरटेन्शन. दंडाला पट्टा बांधून मोजतात तो हा बीपी नव्हे. पट्ट्यावरचा आकडा अगदी नॉर्मल असूनही फुफ्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढलेला असू शकतो. मग हृदयाची उजवी बाजू थकते. लहानपणी सांधेतापाने झडप खराब झालेली असणं, वर्षानुवर्षं चुलीच्या धुराने फुफ्फुसं बिघडणं, फुफ्फुसात रक्ताची गुठळी अडकणं अशी त्याची कारणं असतात. काही वेळा कारण सापडतच नाही, आणि हा प्रकार पुरुषांपेक्षा बायकांत जास्त दिसतो. या आजारात गर्भारपण जिवावर बेतू शकतं. म्हणून नव्या सुनेला, लेकीला सारखी धाप लागत असेल, तर पाळणा हलण्याआधी तिची तपासणी व्हायला हवी. 'लग्नानंतर अंगाला लागेल' म्हणून गप्प बसू नका.

आता आकड्यांचं बघू. घरून चालत दवाखान्यात आलेल्या रुग्णाचं एनटी-प्रोबीएनपी १२५ पिकोग्रॅमच्या आत किंवा बीएनपी ३५ च्या आत असेल, तर हार्ट फेल्युअरची शक्यता कमी. एकाएकी दम कोंडून आलेल्यांसाठी हीच मर्यादा अनुक्रमे ३०० आणि १०० धरतात. पण आकडा वाढला म्हणजे निदान झालं, असं नाही. वय जास्त असेल, मूत्रपिंड बिघडलेलं असेल, ठोके अनियमित असतील तरी तो वाढतो. उलट लठ्ठ बाईमध्ये तो कमी दिसतो. फुफ्फुसाचा रक्तदाब नुकताच वाढू लागला असेल, तर रिपोर्ट नॉर्मलही येऊ शकतो. म्हणून शेजारणीच्या रिपोर्टशी आपला रिपोर्ट ताडून बघू नये. आकडा वाढलेला असेल तर पुढे इकोची, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीची पायरी येते. फुफ्फुसाच्या दाबाची पक्की खात्री हृदयात नळी घालूनच करतात.

उपचार लागू पडतोय का, हे बघायलाही ही तपासणी पुन्हा करतात. तेव्हा दर वेळी एकच प्रकार करावा, म्हणजे तुलना नीट होते. उपाशीपोटी जावं लागत नाही, दंडातून थोडं रक्त घेतात. मात्र हिमोग्लोबिनच्या तपासणीपेक्षा ही बरीच महाग, त्यामुळे मनानेच लॅबमध्ये जाऊन करू नका. आधी डॉक्टरांना दाखवा आणि सगळं मोकळेपणाने सांगा. किती पायऱ्यांवर थांबावं लागतं, किती उशा लागतात, संध्याकाळी चप्पल घट्ट होते का?

मैत्रिणींनो, नवऱ्याच्या छातीत जरा दुखलं तर आपण रात्री रिक्षा शोधतो. आपल्याला महिनोन् महिने धाप लागते, तेव्हा मात्र 'सण होऊन जाऊ दे, मग बघू' म्हणतो. सण दरवर्षी येतील. या आठवड्यात दवाखान्यात जाऊन या.