बंद पडलेली जुनी मोटार पुन्हा चालू करताना

लखनौच्या कैसरबागेभोवतीच्या ज्या वास्तू 1857 च्या उठावानंतर अवधच्या तालुकदारांना देण्यात आल्या, त्यांच्या आवारात विसाव्या शतकाच्या पहिल्या चार दशकांत घोड्यांच्या पागांची जागा हळूहळू मोटारखान्यांनी घेतली. उत्तर प्रदेशातील जमीनदारी निर्मूलनाचा 1950 चा कायदा जानेवारी 1951 मध्ये संमत झाला आणि पुढील दोन वर्षांत तो अंमलात आला. साऱ्याच्या उत्पन्नावर पोसलेला थाट त्याबरोबर ओसरला. हत्ती विकता येत होते, घोडे देऊन टाकता येत होते; परंतु एका गॅलनमध्ये जेमतेम दहा-बारा मैल जाणाऱ्या आणि सुटे भाग परदेशातून मागवाव्या लागणाऱ्या मोटारीला गिऱ्हाईक मिळणे कठीण होते. चाकांखाली विटा लावून, वर ताडपत्री टाकून अशा कित्येक गाड्या जागच्या जागी ठेवून देण्यात आल्या. तीस, चाळीस, कधी साठ वर्षांनी एखादा वारस किंवा हौशी माणूस ती ताडपत्री उचलतो, तेव्हा ज्या प्रश्नांची मालिका सुरू होते, तिचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. त्या काळातील उंची मोटार ही आजच्या अर्थाने कारखान्यातून तयार होऊन आलेली वस्तू नव्हती. रोल्स-रॉइससारखी कंपनी दुसऱ्या महायुद्धापूर्वी केवळ सांगाडा, इंजिन, चाके आणि पुढचा जाळीदार रेडिएटर एवढेच विकत असे. त्यावरील देह ग्राहकाच्या आवडीनुसार वेगळा कारागीर घडवीत असे. हा कारागीर इंग्लंडमधला असे, तसाच कलकत्त्याच्या स्ट्यूअर्ट कंपनीसारखा इकडचाही असे. शिकारीसाठी उघडी गाडी, पडदानशीन स्त्रियांसाठी काळोख्या काचांची गाडी, मिरवणुकीसाठी उंच आसनाची गाडी, अशी प्रत्येकीची घडण निराळी. तिचा एखादा दरवाजा कुजला, तर त्याच्या जोडीचा दरवाजा जगात दुसरीकडे कोठेही नसतो.

या हौसेची परिसीमा पाहावयाची असेल, तर कलकत्त्याच्या हंसगाडीकडे पाहावे. तेथे राहणाऱ्या रॉबर्ट निकोल मॅथ्यूसन या धनिक इंग्रजाने 1910 मध्ये इंग्लंडमधील लोवेस्टॉफ्ट येथील ब्रूक कंपनीकडून ती करवून घेतली. गाडीचा पुढचा भाग म्हणजे साक्षात एक प्रचंड हंस होता. रात्री त्याचे डोळे विजेने चमकत आणि चोचीतून गरम पाण्याचे फवारे उडून पुढची गर्दी बाजूला होई. मागच्या बाजूने चुना सांडण्याचीही व्यवस्था होती, तिचा हेतू वाचकांनी ताडावा. रस्त्यावर इतका गोंधळ उडू लागला की पोलिसांना तिच्यावर बंदी घालावी लागली. पुढे ती नाभा संस्थानच्या महाराजांकडे गेली, तेथे दीर्घकाळ पडून राहिली आणि 1991 मध्ये एका डच संग्राहकाने ती विकत घेऊन दुरुस्त करविली. आज ती हेग येथील लाउमन संग्रहालयात आहे.

लखनौच्या हवेत पडून राहिलेल्या मोटारीचे दुखणे युरोपातील मोटारीपेक्षा वेगळे असते. तिकडे इंजिनातील पाणी थंडीत गोठते, प्रसरण पावते आणि ओतीव लोखंडाला तडा जातो. लखनौत ते भय जवळजवळ नाही. येथे मे-जून महिन्यांत पारा 45 अंशांपर्यंत चढतो, लाकूड आक्रसते, कातडे चिरते; मग जुलैपासून तीन महिने दमट हवा तेच लाकूड फुगविते. हे आक्रसणे-फुगणे पन्नास वेळा झाले म्हणजे सांधे आपोआप सुटतात. इंग्लंडमधील कारागीर देहाच्या आतील चौकटीसाठी लवचीक अ‍ॅशचे लाकूड वापरीत. वाळवीला ते फार आवडते. सागाची चौकट असेल तर ती बहुधा टिकते. बाहेरचा पत्रा आणि रंग शाबूत दिसत असताना आत चौकटीऐवजी केवळ मातीचा साचा उरलेला असणे हे नवल नाही. म्हणून जाणता कारागीर प्रथम इंजिनाकडे न वळता दरवाजा किंचित उचलून पाहतो आणि टोचणीने लाकूड टोचून पाहतो. उंदरांनी खाल्लेल्या तारा, घुशींनी पोखरलेल्या गाद्या ही नुकसाने त्या मानाने क्षुल्लक होत.

यानंतर येतो मोहाचा क्षण. मालकाची, शेजाऱ्यांची, जमलेल्या मुलांची एकच इच्छा असते, ती ही की गाडी ढकलावी आणि चालू करावी. बहुतेक जुन्या इंजिनांचा नाश बंद असताना होत नाही, या घटकेला होतो. सिलिंडरच्या भिंती आणि दट्ट्याभोवतीच्या लोखंडी कड्या यांच्यामध्ये गंजाचा पातळ थर साचून त्या एकजीव झालेल्या असतात. जोराने फिरविल्यास ओतीव लोखंडाच्या त्या ठिसूळ कड्या तुटतात, किंवा जागच्या जागी अडकलेल्या झडपेला ढकलणारा दांडा वाकतो. दुसऱ्या वाहनाला दोर बांधून ओढण्याने तर हमखास हानी होते, कारण ओढणाऱ्याला इंजिनाचा विरोध हाताला जाणवत नाही.

योग्य पद्धत संथ आहे. ठिणगी पाडणारे प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये रॉकेल आणि वंगण तेल यांचे मिश्रण ओतावे आणि काही दिवस वाट पाहावी. पुन्हा ओतावे, पुन्हा वाट पाहावी. मग गाडी वरच्या गिअरमध्ये घालून चाक धरून पुढे-मागे थोडी थोडी हलवावी. केसभर हालचाल झाली तरी ती यशाची खूण समजावी. यातही दाद मिळाली नाही, तर इंजिनाचे डोके उतरविण्यावाचून गत्यंतर नाही. दरम्यान तळाची तेलाची तबकडी उघडलेली बरी. तिच्यात डांबरासारखा गाळ बसलेला असतो. आधुनिक तेलात मळ सुटा करणारी द्रव्ये असतात. गाळ न काढता तसे तेल भरले, तर सुटलेला गाळ अरुंद वाहिन्यांत जाऊन अडकतो. त्या इंजिनांतील बेअरिंगे कथील, अँटिमनी आणि तांबे यांच्या मऊ मिश्रधातूची, जागेवरच ओतून घडविलेली असतात. क्षणभर वंगण तुटले तरी ती वितळतात, आणि ती पुन्हा ओतणारे हात आता थोडे उरले आहेत.

पेट्रोलची टाकी हा स्वतंत्र विषय आहे. जुने पेट्रोल उडून जाते आणि मागे रोगणासारखा चिकट थर ठेवते. तोच थर कार्ब्युरेटरची बारीक छिद्रे बुजवितो. टाकीत खडी किंवा साखळी घालून ती हलविली म्हणजे गंज सुटतो. परंतु गळक्या टाकीला झाळ लावण्याचे काम जीवघेणे ठरू शकते. वर्षानुवर्षे रिकामी असलेल्या टाकीतही पेट्रोलची वाफ दडून असते आणि ज्योत लागताच तिचा स्फोट होतो. टाकी पाण्याने जवळजवळ काठोकाठ भरून मगच काम करण्याची कारागिरांची जुनी रीत आहे, आणि तिला फाटा देण्याचे धाडस कोणी करू नये. पहिल्या चाचणीसाठी तर मूळ टाकी वापरूच नये. उंचावर टांगलेल्या लहानशा डब्यातून नळीने पेट्रोल सोडणे पुरेसे होते.

येथे अलीकडच्या एका अडचणीचा उल्लेख केला पाहिजे. भारतात 2025 पर्यंत पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे धोरण देशभर लागू झाले. जुन्या कार्ब्युरेटरमधील तरंगते बूच कॉर्कचे असते आणि त्यावर लाखेचे लुकण दिलेले असते. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. बूच पेट्रोल पिऊन जड होते, बुडते आणि पेट्रोल बाहेर सांडू लागते. तापलेल्या इंजिनाशेजारी याचा अर्थ काय, हे सांगणे नलगे. पितळी तरंगक बसविणे हा त्यावरील साधा उपाय. याउलट पेट्रोलमधून शिसे नाहीसे झाले (भारतात 2000 पासून) म्हणून जी चिंता केली जाते, ती अतिप्राचीन गाड्यांच्या बाबतीत व्यर्थ आहे. शिसेयुक्त पेट्रोल 1923 पूर्वी विक्रीस नव्हतेच, तेव्हा त्याआधीची इंजिने त्याच्यावाचूनच चालत होती.

ठिणगीचे काम त्या काळी बहुधा मॅग्नेटो करीत असे. त्यातील पोलादी चुंबक दशकानुदशके क्षीण होतात, आणि वेटोळ्यांवरील लाखेचे आवरण ओल धरते. थंड असताना ठिणगी पडते, इंजिन तापले की नाहीशी होते. या लक्षणाने अनेक धडधाकट कार्ब्युरेटर विनाकारण खोलले गेले आहेत! वेटोळी नव्याने गुंडाळावी लागतात. लखनौसारख्या शहराचा खरा लाभ येथे दिसतो. लाटूश रोडच्या यंत्रबाजारात विजेच्या मोटारी आणि पंप यांचा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. चारबागच्या रेल्वे कारखान्याने एकोणिसाव्या शतकापासून येथे कातकाम आणि ओतकाम जाणणारे हात घडविले. सरकारी मालकीच्या स्कूटर्स इंडिया कंपनीने 1972 नंतर इटलीतील लँब्रेटाची यंत्रसामग्री आणून याच शहराच्या सीमेवर वर्षानुवर्षे स्कूटर बनविल्या. तो कारखाना बंद करण्याचा निर्णय 2021 मध्ये झाला. नखासच्या रविवारच्या बाजारात जुन्या वस्तूंच्या ढिगाऱ्यात एखादा दिवा किंवा भोंगा अजूनही सापडू शकतो, मात्र तो आपल्याच गाडीचा निघेल अशी आशा धरू नये. भाग मिळत नसेल तर तो घडवावाच लागतो, आणि त्यासाठी जुना तुटका भाग, कितीही निरुपयोगी वाटला तरी, फेकून देता कामा नये. नव्याचा नमुना तोच असतो.

इंजिन फिरले, म्हणजे गाडी चालण्यास योग्य झाली असे नव्हे. क्षारयुक्त पाण्याने रेडिएटरच्या आणि इंजिनाच्या पोकळ्या चुन्याने भरलेल्या असतात, त्या स्वच्छ केल्यावाचून लखनौच्या उन्हाळ्यात पाच मैलही जाता येत नाही. टायर दिसावयास गुळगुळीत आणि शाबूत, परंतु रबर हाडासारखे कडक झालेले असते; ते बदलणे अनिवार्य होय, मग नवे परदेशातून आणण्याचा खर्च कितीही येवो. ब्रेकविषयी तर विशेष सावध असावे. 1920 च्या दशकाच्या मध्यापर्यंत बहुसंख्य गाड्यांना केवळ मागील चाकांनाच ब्रेक असत. ज्या गाडीला थांबण्यास लांबलचक रस्ता लागतो, तिच्यापुढे आज अचानक थांबणारी रिक्षा असते. म्हणून पहिली फेरी पहाटे, छावणीच्या रुंद आणि सपाट रस्त्यावर, सोबत पाण्याचा डबा आणि चाकाखाली घालण्यास लाकडी ठोकळा घेऊन काढलेली बरी. मैलभर जाऊन थांबावे आणि प्रत्येक चाकाचा मध्य हाताने चाचपावा. जे चाक इतरांहून अधिक तापले असेल, तेथे ब्रेक घासतो आहे किंवा वंगण पोहोचत नाही.

उरतो तो मूळ स्वरूपाचा वाद. केंद्र सरकारने 2021 मध्ये केलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात जतन केलेल्या मोटारीला वेगळी नोंदणी मिळते. तिच्या क्रमांकात व्हीए ही अक्षरे येतात, नोंदणी दहा वर्षे चालते आणि नेहमीच्या वा व्यापारी वापराला मनाई असते. सांगाडा, देह किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल केलेली गाडी या व्याख्येत बसत नाही. कारखान्याच्या साच्यातून आलेल्या गाडीला हा नियम सरळ लागू पडतो. पण एखाद्या तालुकदाराने 1920 च्या सुमारास शिकारीची म्हणून घेतलेली आणि पुढे मुलीच्या लग्नात बंद देहाची करून घेतलेली गाडी कोणत्या रूपात जतन करावयाची? पहिला देह बहुधा उरलेलाच नसतो, आणि तो छायाचित्रावरून पुन्हा घडविणे म्हणजे दुसरी गाडी तयार करणे होय. समंजस कारागीर अशा वेळी गाडी ज्या रूपात झोपी गेली त्याच रूपात तिला जागी करतो, जुना रंग जेथे टिकला असेल तेथे तो खरवडत नाही, आणि बदललेल्या प्रत्येक भागाची तारखेसह वहीत नोंद करून ती वही गाडीबरोबर ठेवतो.