शंका आली, आता पुढे काय?

‘मुलगे उशिराच बोलतात’, ‘याचा मामाही असाच होता’ अशा दिलाशांत कितीतरी मुलांची पहिली दोन-तीन वर्षं निघून जातात. मेंदूची जडणघडण याच वयात सर्वांत वेगाने होते. म्हणून स्वमग्नतेची, म्हणजे ऑटिझमची, शंका आल्यावर कुठे, कसं जायचं हे पालकांना ठाऊक हवं.

सुरुवात घरातून होते. वर्षाचं मूल हाकेला वळत नसेल, दीड वर्षाचं होऊनही हवी ती वस्तू बोटाने दाखवत नसेल किंवा येत असलेले शब्द बोलेनासं झालं असेल, तर थांबू नका. एखाद्या लक्षणावरून निदान होत नाही, पण तपासणीला तेवढं कारण पुरेसं आहे.

ही तपासणी सरकारी व्यवस्थेत मोफत होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या पालघरमधून सुरू झाला. त्याचं फिरतं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. पथकाला प्रत्येक मुलासाठी वेळ थोडाच मिळतो, म्हणून त्या दिवशी पालकांनी हजर राहावं आणि खटकलेल्या वागण्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढून तो दाखवावा.

पथकाला शंका आली, तर मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे ‘डीईआयसी’त पाठवतात. तिथे बालरोगतज्ज्ञ, मानसतज्ज्ञ, वाचा-श्रवणतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट एकाच ठिकाणी असावेत, अशी रचना आहे. ऐकण्याची तपासणी आधी करून घ्यावी, कारण ऐकू न येणारं मूलही हाकेला वळत नाही. रक्ताच्या तपासणीत किंवा एमआरआयमध्ये स्वमग्नता दिसत नाही. मुलाचं निरीक्षण आणि पालकांनी सांगितलेली हकिकत यांवरूनच निदान होतं.

थेरपीसाठी मात्र निदानाच्या कागदाची वाट पाहू नये. शंका आहे तेवढ्यावरही ती सुरू करता येते. थेरपिस्टकडे आठवड्यातले मोजके तास मिळतात, बाकीचा वेळ मूल घरीच असतं. त्यामुळे आंघोळ, जेवण, खेळ यांतून कोणता सराव घ्यायचा, हे पालकांनी शिकून घेणं हाही उपचाराचाच भाग आहे.

एक गोष्ट दवाखान्यांत वारंवार निसटते. बोलता न येणारं मूल अचानक डोकं आपटू लागलं किंवा झोपेनासं झालं, तर ते स्वमग्नतेच्या खाती टाकलं जातं. पण खरं कारण दुखरी दाढ, कान किंवा बद्धकोष्ठ असू शकतं. आधी शरीर तपासायला हवं. अशा मुलांना दिवसातली पहिली वेळ द्यावी, शांत खोलीत बसवावं आणि सुई टोचण्याआधी काय होणार ते चित्रांतून दाखवावं. यासाठी नवं यंत्र लागत नाही.

2016च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्वमग्नतेला 21 दिव्यांगत्वांत स्थान दिलं आहे. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळाल्यावर नॅशनल ट्रस्टच्या ‘निरामय’ योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य विमा संरक्षण घेता येतं. प्रमाणपत्राने मुलावर शिक्का बसतो, ही भीती मनातून काढा. मदत मिळवण्याचा तो हक्क आहे, आणि तो मागून घ्या.