झोपेचा आलेख आणि सेरोटोनिन

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी माकणी, सास्तूर, किल्लारी हा सारा टापू भूकंपाने हादरला. दूरदूरच्या भूकंपमापकांवर त्या धक्क्याची वेडीवाकडी रेघ उमटली. पुढे कित्येकांची झोप उडाली, काहींना नैराश्याने ग्रासले. मनाच्या या पडझडीची रेघ काढता येईल काय?

विद्यार्थी मित्रहो, मेंदूची तरी येते! १९२४ साली हान्स बर्गर या जर्मन डॉक्टराने माणसाच्या मेंदूतील विद्युत् स्पंदने प्रथम नोंदवली. डोक्याच्या त्वचेवर मिळणारा हा विद्युत् दाब जेमतेम ५० मायक्रोव्होल्ट, म्हणजे विजेरीच्या दीड व्होल्टच्या सेलचा तीस हजारावा हिस्सा. तो विवर्धित करावा लागतो.

रात्रभर हा आलेख काढला तर मौज दिसते. गाढ झोपेत लाटा उंच आणि संथ होतात. सुमारे दीड तासाने त्या एकाएकी जागेपणीसारख्या बारीक व जलद होतात. मिटल्या पापण्यांआड डोळे भरभर फिरू लागतात. ही स्वप्नांची झोप.

इथे सेरोटोनिनचा संबंध येतो. मेंदूच्या देठात काही लाख मज्जापेशी हे रसायन तयार करून मेंदूभर पोहोचवतात. मांजरांवरील प्रयोगांत आढळले, की जागेपणी या पेशी घड्याळासारख्या टिकटिकत असतात, गाढ झोपेत मंदावतात आणि स्वप्नांच्या झोपेत जवळजवळ गप्प होतात.

नैराश्य आलेल्या बऱ्याच रुग्णांत स्वप्नांची झोप लवकर अवतरते. सेरोटोनिनचा प्रभाव वाढवणारे औषध दिले, की ती लांबते व घटते, निरोगी माणसातसुद्धा!

मग सेरोटोनिन कमी म्हणजे नैराश्य, असे समजायचे का? आम्हा पदार्थविज्ञानवाल्यांना हा हिशेब फार आवडतो : सेल संपला, नवा घातला, दिवा लागला. पण आलेख पहिल्या रात्रीच बदलतो, आणि मनाला उभारी यायला मात्र काही आठवडे लागतात. २०२२ साली अनेक संशोधनांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हाही सेरोटोनिनच्या कमतरतेनेच नैराश्य येते याला ठोस पुरावा सापडला नाही. औषधाने अनेकांना गुण येतो. परंतु त्या आठवड्यांत मेंदूत नेमकी कोणती जुळवाजुळव होते, ते कोडे अजून सुटायचे आहे.

म्हणूनच नुसता आलेख पाहून डॉक्टर नैराश्याचे निदान करीत नाहीत. ते समोर बसवून विचारतात : झोप लागते का? जेवण जाते का? कशात मन रमते का?