थाटाची होल्डन : प्रीमिअर

घोड्यांचीं खोगिरें विकणाऱ्या अ‍ॅडलेड शहरांतील एका पेढीचें नांव पुढें साऱ्या ऑस्ट्रेलियाच्या मोटारीस लाभलें. ही होल्डन यांची १८५६ सालची पेढी. १९४८ च्या नोव्हेंबरांत पंतप्रधान बेन चिफली यांच्या हस्तें जी पहिली होल्डन मोटार लोकांपुढें आली, ती साधी व काटक होती. पुढें एकच सलग बाक, त्यावर तिघें दाटीवाटीनें बसत.

१९६२ सालीं याच वंशांत ‘प्रीमिअर’ अवतरली. सांगाडा साध्या होल्डनचाच. परंतु कातड्याचीं आसनें, धातूची झांक असलेला रंग, थंडींत ऊब देणारें यंत्र आणि आपोआप बदलणारे गिअर! मौज अशी कीं, बाक जाऊन पुढें दोन सुटीं आसनें आलीं आणि कुटुंबांतील एका माणसाची जागा गेली. थाटाची ही किंमत आम्हां मोठ्या गोतावळ्याच्या घरांस प्रथम जाणवावी!

१९६३ सालीं नवें, जोमदार इंजिन आलें. १९६८ त फोर्डच्या ‘फेअरलेन’ला उत्तर म्हणून होल्डननें ‘ब्रूम’ काढली. तिची लांबी वाढली खरी, पण केवळ मागच्या सामानाच्या पेटीची! थाटाचा पहिला मान मात्र प्रीमिअरकडून गेला. १९८० सालीं तें नांवच बंद पडलें, आणि २० ऑक्टोबर २०१७ रोजीं ऑस्ट्रेलियांतील कारखान्यांतून शेवटची होल्डन बाहेर पडली.